सेनिमोलीचे तीन भोंगे

सुवा, ३ मार्च १९६९

विलिकेसा,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू फाटक्या जाळ्याला ठिगळं लावत बसलेला असशील आणि हाताला माशांचा वास मारत असेल. आधी हात धू. आत चांगली बातमी आहे.

आपली सेनिमोली वाचली. कंपनीने ती विकायला काढल्यावर मला वाटलं होतं, आता भंगारवाला येणार आणि पत्रा-पत्रा सुटा करून नेणार. पण त्याच्याआधी आमचं मिशन पोचलं. आता ती देवाच्या सेवेची बोट होणार. वरच्या मजल्यावर दारूचं दुकान होतं तिथे पुस्तकं बसवताहेत, मधल्या दालनात प्रार्थनामंदिर, आणि ज्या तळघरात तुमच्या यांगोनाची, त्या गुंगीच्या मुळ्यांची, पोती असायची तिथे पडदा लावून बायबलची चित्रं दाखवणार. चार माणसं आठवडाभर तो तळ घासताहेत, तरी यांगोनाचा वास जात नाही. नवं नाव 'रारामा', म्हणजे प्रकाश. हॉलिससाहेब कप्तानही आहेत आणि मिशनचे प्रमुखही. त्यांनी इंजिनवर मलाच ठेवलं. गेल्या ऑगस्टात माझं तारण झालं हे तुला आईने सांगितलं असेलच. तेव्हापासून यांगोनाच्या वाटीला शिवलो नाही. हस हवं तेवढं.

एक काम आहे. बोटीच्या समर्पणाला एक पुस्तिका छापायची आहे, तिच्यात बोटीचा इतिहास हवा. कंपनीच्या कागदांत नुसत्या तारखा आहेत: १९३३ साली ऑस्ट्रेलियात बांधली, नदीवर उतारू नेत होती, १९३८ साली इथे आणली. बस. तुमच्याकडच्या म्हाताऱ्यांना जे आठवतं ते लिहून पाठव. माझ्या जन्माची गोष्ट तर नक्कीच. साहेबांना ती फार आवडली.

आईच्या पायाला काही लागलं होतं म्हणे. बरं झालं ना?

प्रभू तुझं भलं करो.

ताइतो

*

वातुसोलो, ९ एप्रिल १९६९

तारण झालेल्या महाशयांस,

'तुमच्याकडचे म्हातारे', 'तुमचं यांगोना'. कधीपासून रे? नाळ पुरलेलं नारळाचं झाड अजून उभं आहे तुझं इथे, आणि त्याचे नारळ मीच खातो. मी तुझ्या मामाचा पोरगा. तुझी टर उडवायचा हक्क मला जन्माने मिळालेला आहे, तो तुझं मिशन काढून घेऊ शकत नाही.

तुझं पत्र पाच आठवड्यांनी पोचलं. सेनिमोली बंद झाल्यापासून खोबऱ्याचं गलबत येईल तेव्हाच टपाल. साखर नाही, रॉकेल नाही, आणि शाळेचा मास्तर सुट्टीला गेला तो परत यायला बोट नाही म्हणून तिकडेच मजेत आहे.

तर इतिहास. घे लिहून.

तुझा जन्म, जुलै १९४०. आत्याला कळा लागल्या म्हणून सुव्याला नेत होते. अर्ध्या वाटेत, मागच्या डेकवर, खोबऱ्याच्या पोत्यांच्या आडोशाला तू बाहेर आलास. आमच्या बायकांनी केवड्याच्या चटया धरून भिंत केली. पुरुष पलीकडे पाठ करून बसले आणि तू रडेपर्यंत भजनं म्हणत राहिले. कप्तान इलिसोनी सुकाणू सोडून आला नाही, पण त्याने इंजिन मंद केलं, म्हणजे आत्याला धक्के बसू नयेत.

१९५२ चं वादळ. सेनिमोली आपल्या प्रवाळावर चढली, तळ फाटला. तीन दिवस सगळं गाव कमरेभर पाण्यात उभं होतं. दुरुस्तीला तेवढं मोठं लाकूड बेटावर कुठेच नव्हतं, म्हणून आपल्या देवळाचा मधला, वेसीच्या लाकडाचा खांब काढून दिला. तुझ्या प्रार्थनामंदिराच्या फळ्या उचलून बघ, खाली तोच आहे, त्यावर माझ्या आजोबांच्या कुऱ्हाडीच्या खुणा आहेत. देऊळ तेव्हापासून एका बाजूला कललंय. तेव्हा ती बोट देवाची आत्ता झाली असं कुणी म्हणालं तर हसू येतं.

आणि एक गोष्ट तुला ठाऊक नसेल, तू तेव्हा सुव्याच्या शाळेत होतास. इलिसोनीच्या शेवटच्या काही वर्षांत भोंग्याची भाषा होती. एक लांब भोंगा म्हणजे थांबतोय, होड्या काढा. तीन भोंगे म्हणजे थांबत नाही, कुणी होडी पाण्यात घालायची नाही. पुढच्या कप्तानांनी ते सोडून दिलं. तुझे बाबा गेले त्या दिवशी तीन भोंगे वाजले होते. आत्या किनाऱ्यावरून ओरडत होती, सेमिसी, तीन झाले, मागे फिर. बाबांना वाटलं, पोराला पाठवायचं सामान पोचवून येतो. होडीची एक फळी सुद्धा मिळाली नाही.

आता पायाचं. बरं झालं नाही. आत्याच्या रक्तात साखर आहे, जखम भरत नाही, करंगळीपासून वर चढतेय. नर्सबाई म्हणते, सुव्याच्या मोठ्या इस्पितळात न्या, लवकर नेलं तर अर्धं पाऊल जाईल, उशीर केलात तर म्हातारी जाईल. आत्या उघड्या होडीतून कांदावूच्या मोठ्या बेटापर्यंत जायला तयार नाही. सेमिसीची होडी तिच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणते, माझ्या सेनिमोलीवरून नेणार असाल तर येते.

गलबतवाला सांगत होता की तुमची बोट आधी कांदावूला वळसा घालून परत सुव्याला येणार आहे, चाचणी म्हणून. म्हणजे आपल्या समोरूनच जाणार. ताइतो, हे माझं केरेकेरे समज, आपल्या माणसाने आपल्या माणसाकडे केलेलं मागणं. दोन तास थांबा. आम्ही होडीतून आत्याला प्रवाळाच्या तोंडापर्यंत आणतो, तेवढं खाडीतल्या खाडीत ती येईल. तिला वर घ्या, सुव्यात उतरवा. आजवर तुझ्याकडे मी कधी काही मागितलं नाही, लहानपणी मागितलेला चाकू सोडून. तो तू दिला होतास.

विलिकेसा

*

सुवा, २८ एप्रिल १९६९

प्रिय विली,

इयो. होय, होय, होय. माझ्या आईसाठी तू केरेकेरे कसलं करतोस? मलाच लाज वाटली. चाचणीची तारीख ठरली आहे: गुरुवार, १२ जून. सकाळी भरतीच्या वेळी आम्ही वातुसोलोसमोर असू. शनिवारी संध्याकाळी सुव्यात, रविवारी समर्पण.

तुझी आठ पानं मिळाली. मी वरवर चाळली आणि तशीच ऑफिसात दिली, तिथे एक बाई इंग्रजी करते. पुस्तिका छापून झाली, सोबत पाठवतोय. आपलं बेट पहिल्यांदाच छापील कागदावर आलं आहे, आईला दाखव. परदेशातून पाहुणे येणार आहेत, त्यांनी या बोटीला मदत केली आहे, तेही चाचणीला बरोबर असतील. चित्रफीत काढणार आहेत. मला साक्ष द्यायची आहे, उभं राहून, सगळ्यांसमोर. 

बोट ओळखू येणार नाही तुला. पांढरी शुभ्र केली आहे. भोंगा मात्र जुनाच ठेवला, मीच हट्ट धरला. साहेबांनी नवी पद्धत घातली आहे: गाव दिसलं की तीनदा वाजवायचा, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ऐकलंस की अंगावर काटा येईल.

आईला म्हणावं, तयार राहा.

ताइतो

*

वातुसोलो, २० मे १९६९

ताइतो,

पुस्तिका वाचली. कागद फार छान आहे.

'ही नौका छत्तीस वर्षे अंधारात चालत होती.' बरं. 'तिच्यावर मद्य, जुगार आणि यांगोना यांखेरीज काही नव्हते.' बरं. 'आमचा इंजिनियर ताइतो याचा जन्म याच नौकेवर, नशेत धुंद असलेल्या लोकांच्या गराड्यात, देवाचे नाव ठाऊक नसलेल्या मातेच्या पोटी झाला.'

हे वाचून मी दारात जाऊन उभा राहिलो. सव्वीस वर्षं जी बाई रविवारच्या शाळेत पोरांना देवाचं नाव शिकवत आली, जिच्यासमोर तू स्वतः पाठ म्हणताना अडखळायचास आणि पट्टी खायचास, तिला देवाचं नाव ठाऊक नव्हतं? भजनं म्हणणारी माणसं नशेत धुंद? माझा बाप होता रे त्यांच्यात, तुझा सख्खा मामा. आणि खांबाचं एक अक्षर नाही. भोंग्याचं नाही. आठ पानं लिहून माझी बोटं दुखली, तुझ्या बाईने त्यातून नेमकं हे काढलं. की तूच तोंडी सांगितलंस? साक्षीत हेच म्हणणार आहेस का? म्हण. पांढऱ्या माणसांना रडायला आवडतं.

आत्याचे डोळे आता वाचण्यापुरते राहिले नाहीत हे तुझं नशीब. मी तिला वाचून दाखवली. मी वाचलं, 'ताइतोची आई ही त्या बेटावरची फार देवभीरू बाई.' ती म्हणाली, पुन्हा वाच. मी पुन्हा खोटं वाचलं. तिने पुस्तिका घेऊन उशाखाली ठेवली आहे. जन्मात पहिल्यांदा तुझ्यापायी मी त्या बाईशी खोटं बोललो, आणि तेही मुळीच न अडखळता.

आता कामाचं, नीट वाच. वरवर चाळू नकोस आणि ऑफिसात देऊ नकोस.

करंगळी काळी पडली. वास येतो. नर्सबाई जूनपर्यंत थांबायला तयार नाही. पण गेले चार दिवस वारा पडला आहे, समुद्र तेल ओतल्यासारखा आहे, आणि असा अजून दोन-तीन आठवडे राहील असं माझे काका म्हणतात. एवढ्या शांत पाण्यात मी आत्याला होडीने कांदावूला नेऊ शकतो, तिथून कुठलीही बोट मिळेल. आत्या ऐकेल, पण एकाच अटीवर: सेनिमोली येणार नाही हे तिला कळलं तर. येणार आहे म्हटल्यावर ती होडीत पाय ठेवत नाही. म्हणते, माझा मुलगा न्यायला येतोय आणि मी काय म्हणून चोरासारखी निघून जाऊ?

म्हणून तुला विचारतो. तू साहेबाला विचारलंस का? तो काय म्हणाला? जमत नसेल तर 'नाही' लिही. आपल्यात मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत हे मला कळतं. मीही लोकांना 'इयो, इयो' म्हणून परत पाठवलंय, आणि मनात ठाऊक होतं की हे होणार नाही, आणि त्यांनाही ठाऊक होतं. पण हे तसलं नाही. तू नाही म्हणालास तर मी अपमान मानणार नाही, उलट तुझे पाय धरीन. गलबत उद्या सुव्याला निघतंय आणि सात तारखेपर्यंत परत येतंय. त्याच्याबरोबर एका ओळीचं उत्तर दे.

विली

*

सुवा, २ जून १९६९

प्रिय विली,

घाईत लिहितोय, गलबत सुटतंय.

इयो. गुरुवारी सकाळी. आईला तयार ठेव. साहेब फार व्यस्त आहेत, पण मी त्यांच्याशी बोलणारच आहे, आणि ते दयाळू आहेत. प्रभूवर विश्वास ठेव. आपण ठरवून काय होतं, त्याच्या मनात असतं तेच होतं.

पुस्तिकेबद्दल रागावू नकोस. ते इंग्रजीत थोडं वेगळं वाटतं.

तुझा ताइतो

*

सुवा, १६ जून १९६९

प्रिय विली,

तुला राग आला असेल. आधी ऐकून घे.

मी साहेबांना बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी सांगितलं. त्याआधी सांगायचं होतं, पण रोज कुणी ना कुणी पाहुणा बरोबर असायचा, आणि तू मला ओळखतोस, चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. साहेब शांतपणे म्हणाले, "ताइतो, एका म्हातारीला घेतलं की उद्या प्रत्येक बेटाला वाटेल की जुनी फेरी परत सुरू झाली. आपल्याला उतारू न्यायचा परवानाही नाही. आणि त्या बेटावर देऊळ आहे, नर्स आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याकडे आपण निघालोत." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून आईसाठी प्रार्थना केली. पाच मिनिटं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर मी काय बोलणार होतो?

गुरुवारी वातुसोलो समोर आलं तेव्हा मी वर आलो. दुर्बिणीतून पाहिलं. वाळूवर सगळं गाव होतं, आणि मधे काहीतरी पांढरं. मला वाटलं, तुम्ही हात हलवायला आला आहात. मी सुकाणूवरच्या माणसाला विनवलं, भोंगा मला वाजवू दे, समोर माझी आई आहे. त्याने दोरी माझ्या हातात दिली. मी तीनदा वाजवला, विली, इतका लांब की पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. आईने ऐकला असेल ना? तो माझा नमस्कार होता तिला.

समर्पण छान झालं. सोळा तारीख आज, वीसला न्यू हेब्रिडीजला निघतो. तिकडून ऑगस्टात परत. तोवर दुसरी काही सोय होते का ते बघ. पाय कसा आहे ते कळव, सुव्याच्या पत्त्यावर.

ताइतो

*

वातुसोलो, २४ जून १९६९

ताइतो,

आत्या शनिवारी, एकवीस तारखेला, दुपारी गेली. सोमवारी पुरलं, तुझ्या नारळाच्या झाडाजवळ. सगळं रीतीप्रमाणे झालं. तुझ्या जागी मी बसलो.

विलिकेसा

*

सुवा, १९ ऑगस्ट १९६९

विली,

तीन ओळी. काल बोट लागली आणि ऑफिसात तुझ्या तीन ओळी ठेवलेल्या होत्या. मी त्या बंदराच्या पायऱ्यांवर बसून वाचल्या. 

तू मला वाटेल ते बोल. पण असा गप्प बसू नकोस. तू माझी टर उडवली नाहीस, त्याने मी जास्त घाबरलोय.

मी नाही म्हणायला हवं होतं. तू हात जोडून ते मागितलं होतंस. दोन जूनला कागद समोर घेऊन मी 'नाही' लिहिलं होतं, खरंच. मग वाटलं, विली वाचेल, आईला वाचून दाखवेल, तिला वाटेल मुलाने नाकारलं. खोडलं आणि 'इयो' लिहिलं. ते लिहिल्यावर इतकं बरं वाटलं की मला खरंच वाटायला लागलं की ते होईल. बुधवारपर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो की मी अजून विचारलंच नाहीये.

मी गावात येऊन माफी मागायला हवी. रीतीप्रमाणे, यांगोना आणि देवमाशाचा दात पुढे ठेवून, मान खाली घालून. पण आम्हाला त्याला हात लावायची मनाई आहे, आणि आता तर बोट पुन्हा सप्टेंबरात निघते. म्हणून हे पत्रच माझी माफी समज, आणि थोरल्यांपुढे वाच. आत्तापर्यंत मी कधी काही मागितलं नाही असं म्हणू शकत नाही, सगळं तुझ्याकडेच मागत आलो. अजून एक मागतो. ती शेवटी काय म्हणाली ते सांग. माझं नाव घेतलं का? मी त्या पुस्तिकेत जे छापू दिलं ते तिला कुणी खरं वाचून तर दाखवलं नाही ना?

तुझा ताइतो

*

वातुसोलो, १४ सप्टेंबर १९६९

ताइतो,

तुझं पत्र मी थोरल्यांपुढे वाचणार नाही. कागदावरची माफी कागदालाच मिळते. पण तू विचारलं आहेस तर सांगतो. तू सोसशील की नाही हा माझा प्रश्न राहिला नाही.

पुस्तिका तिला कुणी खरी वाचून दाखवली नाही. ती तिच्याबरोबर पुरायची असं बायका म्हणत होत्या, मी काढून घेतली. मातीला तरी कशाला खोटं सांगायचं?

गुरुवारी तिने पहाटे उठून केसांना तेल लावून घेतलं. पांढरा रविवारचा पोशाख. देवळाचं दार बिजागऱ्यांतून काढलं आणि त्यावर चटया टाकून तिला किनाऱ्यावर आणलं. तू दुर्बिणीतून पाहिलंस ते पांढरं म्हणजे ती. हात हलवायला आली नव्हती. तिच्या पिशवीत बायबल होतं आणि यांगोनाच्या मुळ्यांची एक जुडी. मी म्हटलं, आत्या, ते लोक याला शिवत नाहीत. ती म्हणाली, "पिऊ नये त्यांनी. पण नव्या कप्तानाच्या बोटीवर मी रिकाम्या हाताने चढणार नाही."

बोट दिसली. पांढरी, तू म्हणाला होतास तशी. ती म्हणाली, माझी सेनिमोली म्हातारी होऊन गोरी झाली. सगळे हसले. मग मला दिसलं की बोट वेग कमी करत नाहीये. अजून प्रवाळाच्या तोंडासमोर यायची होती ती. होडी तयार होती, सहा वल्ही, सहा माणसं. मी ओरडलो, लोटा, आडवे जाऊ. आडवी होडी आली की मिशनच्या बोटीलासुद्धा थांबावं लागतं, पाहुणे असोत की नसोत. आम्ही पोचलो असतो, ताइतो. मी ते पाणी ओळखतो. मी घोट्यापर्यंत पाण्यात होतो, होडीचं नाक तरंगलं होतं, आत्याला दारासकट उचलायला माणसं वाकली होती.

तेवढ्यात तू भोंगा वाजवलास.

ती बोटांवर मोजत होती. एक. सगळे थांबले, कुणीतरी म्हणालं, एकच, थांबतेय. दोन. तीन. ती म्हणाली, "विली, होडी वर घे." मी म्हटलं, आत्या, ही त्यांची नवीन पद्धत आहे, पिता-पुत्र-आत्मा, ताइतोने लिहिलंय. तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी लहानपणी पाठ चुकल्यावर पाहायची. "मला शिकवतोस? या बोटीचा भोंगा मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतेय. तीन झाले. तीन झाल्यावर होडी घालायची नसते. सेमिसीला हेच ओरडून सांगत होते मी." माणसांनी हात काढून घेतले.  सगळ्यांना तिनेच शिकवलेलं.

मी पाण्यात उभा राहून शिव्या घालत होतो, तुलाच घालत होतो. ती म्हणाली, "त्याला बोलू नकोस. पोराला जमत नव्हतं, पण त्याने कळवलं तरी. आईला फसवलं नाही त्याने. चला, घरी न्या मला."

ती शेवटपर्यंत तेच म्हणत होती. पुढच्या आठवड्यात, शुक्रवारी, ताप चढला. शनिवारी सकाळी तिने तुझं नाव घेतलं, दोनदा. माझा ताइतो खरं बोलतो, असं म्हणाली. ते शेवटचं.

ती जुडी तिच्या दफनाला घोटली. रीतीने तुझ्या नावाची वाटी भरली. ती मीच प्यायलो. कडू होती, पण कांदावूची असतेच.

आयुष्यभर सगळ्यांना तू 'इयो' म्हणत आलास. मला म्हणालास, साहेबाला म्हणालास, देवालाही म्हणाला असशील. या बेटाला तू एकदाच 'नाही' म्हणालास, तेही ज्या क्षणी म्हणायला नको होतं त्या क्षणी, आणि म्हणतोयस हे तुला ठाऊकसुद्धा नव्हतं. भोंग्याची भाषा मी तुला लिहून पाठवली होती. तिसरं पान. ऑफिसात विचार, त्या बाईकडे असेल.

तुझी पुस्तिका सोबत परत पाठवतोय. शेवटचं पान कोरं आहे. बोटीचा इतिहास हवा होता ना तुला, एवढं तिथे लिही.

विलिकेसा